या चुका टाळा : दक्षिण आशियाई क्रॉस कंट्रीवर डोळा असलेल्या पोरांसाठी

"सर, साउथ एशियनला टायमिंग किती लागतं?"

दिवाळीचा फराळ संपला की हा प्रश्न सुरू होतो. विचारणारा पोरगा नुकताच कुठल्यातरी मॅरेथॉनच्या दहा किलोमीटरमध्ये चमकलेला असतो. मनगटावर जीपीएसचं घड्याळ, मेडलचा फोटो स्टेटसला. मी सांगतो, टायमिंग लागत नाही, नंबर लागतो. त्याला वाटतं मास्तर टोलवतायत.

टोलवत नाही रे बाबा. क्रॉस कंट्री म्हणजे माळरानावरची शर्यत, तिचा कोर्स दरवेळी वेगळा. कुठे गवत, कुठे ढेकळं, कुठे असा चढ की हात आपोआप गुडघ्यावर जातात. म्हणून तर या प्रकारात जागतिक विक्रम नोंदवतच नाहीत. राष्ट्रीय स्पर्धेत माणसं मागे टाकलीस तर भारताचा संघ, आणि मग नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश असल्या शेजाऱ्यांच्या पोरांशी गाठ. 2022 मध्ये 26 मार्चला कोहिमात राष्ट्रीय आणि दक्षिण आशियाई अशा दोन्ही स्पर्धा एकत्रच झाल्या. तिथे कुणी कुणाला डांबरावरचं टायमिंग विचारलं नाही.

वीसेक वर्षं पोरं घेऊन राज्याच्या आणि राष्ट्रीय स्पर्धांना जातोय. पोरं दरवर्षी नवी, चुका मात्र त्याच. यंदा लिहूनच काढतो, म्हणजे पुढच्या वेळी फोनवर घसा कोरडा करायला नको.

पहिल्या चारशे मीटरचे हिरो

क्रॉस कंट्रीच्या सुरुवातीला 'सेट' म्हणत नाहीत. मोठ्या स्पर्धांत पाच मिनिटं, तीन मिनिटं, एक मिनिट अशी सूचना मिळते, मग 'ऑन युअर मार्क्स' आणि थेट बंदूक. शंभर-सव्वाशे पोरं एका फक्कीच्या रेघेवरून सुटतात आणि त्यातली निम्मी चारशे मीटरची शर्यत असल्यासारखी पळतात. आईबाप दोरीपलीकडून मोबाइल धरून उभे असतात, त्यांना पुढे दिसायचं असतं ना!

दुसरा किलोमीटर येईपर्यंत यातल्या निम्म्यांची धाप बघवत नाही. डांबरावर चूक झाली तर थोडं सावकाश होऊन श्वास जमवता येतो. इथे सावकाश व्हायला जावं तर समोर चढ. नियमानुसार एक मोठी फेरी दीड ते दोन किलोमीटरची, म्हणजे वरिष्ठ गटाच्या दहा किलोमीटरमध्ये तोच चढ पाच-सहा वेळा भेटतो. पहिल्या फेरीत उधारी केली तर उरलेल्या सगळ्या फेऱ्यांत ती व्याजासकट फेडावी लागते. 2002 ते 2006 सलग पाच वर्षं जागतिक क्रॉस कंट्री जिंकलेला केनेनिसा बेकेले 2007 मध्ये मोंबासाच्या उकाड्यात शेवटच्या फेरीत शर्यत सोडून बाजूला झाला. तो सुरुवातीला उधळला होता असं मी म्हणत नाही. पण त्याच्या अंगालाही जिथे मर्यादा आली, तिथे तुम्ही दोन महिन्यांच्या सरावावर पासष्ट सेकंदांत पहिले चारशे मीटर मारणार?

आता याची दुसरी बाजू, जी इंटरनेटवर वाचून आलेल्या हुशार पोरांना ठाऊक नसते. 'सुरुवात सावकाश करा' हा सल्लाही आंधळेपणाने पाळला तर मार खाता. सुरुवातीचं मैदान रुंद असतं आणि मग वाट अचानक अरुंद होते. त्या तोंडाशी तुम्ही साठावे असाल तर अख्खी मिरवणूक पुढे, आणि तुम्ही कोपरं खात मागे. म्हणून माझी एक सवय आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी रेघेपासून पहिल्या अरुंद वळणापर्यंत पावलं मोजत चालायचं. तीनशेच्या आत भरली तर जरा जोरात सुटायचं, पहिल्या तीस जणांत राहून वळण घ्यायचं आणि तिथून लगेच वेग उतरवायचा. जास्त भरली तर घाई नाही, वाट मिळतेच. हा आकडा मी कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही, पोरांच्या कोपरांवरचे ओरखडे बघून ठरवलाय.

संघाला रेघेवर एकच अरुंद खण मिळतो, त्यामुळे पुढे कोण, मागे कोण यावरून भांडणं होतात. सगळ्यात वेगवान पोरगा पुढे हवाच असं नाही, तो वाट काढतो. गर्दीत बावरणाऱ्याला मी पुढे उभा करतो.

"बाविसावा काय आणि चोविसावा काय?"

ही चूक माझ्या डोक्यात जाते. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं वाचा.

क्रॉस कंट्री हा मुळात संघांचा खेळ. देशादेशांनी दरवर्षी एका माळावर भिडायची ही रीत 1903 ची. स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड असे चार शेजारी उतरले, त्यातूनच वाढत वाढत 1973 मध्ये बेल्जियममधल्या वारेगमला जागतिक क्रॉस कंट्रीचा जन्म झाला. तेव्हापासून आजतागायत संघाचा हिशोब एकच : ठरावीक जणांचे क्रमांक जोडायचे, ज्याची बेरीज कमी तो वर. जागतिक स्पर्धेत सहा पळतात, पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. तुमच्या स्पर्धेत किती धरतात ते परिपत्रकात असतं. ते वाचायचे कष्ट दहातले दोन मास्तर घेतात.

आता गोष्ट ऐका. काही वर्षांपूर्वीची राज्यपातळीवरची एक स्पर्धा, वीस वर्षांखालची मुलं, आठ किलोमीटर, चौघांचे क्रमांक धरणार होते. आमचा एक पोरगा तिसरा आला, दुसरा सातवा, तिसरा अकरावा. मी शेवटच्या वळणावर बाभळीखाली उभा. चौथ्याला पिंट्या म्हणू. पिंट्या बाविसावा येत होता आणि समोर दीडशे मीटर सपाट गवत. मी ओरडलो, "मागं दोघं आहेत!" त्यानं वळून बघितलं, माझ्याकडे हात केला, म्हणजे 'हो सर', आणि पाय सैल सोडले. तिसरा आलेला आपला दोस्त रेघेपलीकडे उभा दिसत होता, मेडल आलंच आहे, आता कशाला जीव काढायचा! दोघं डाव्या अंगानं निघून गेले. दोघंही तिसऱ्याच जिल्ह्यांचे, आमच्या पदकाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

अर्ध्या तासानं भिंतीवर कागद चिकटला. मी वडापावच्या कागदावर बेरीज केली. तीन, सात, अकरा, चोवीस : पंचेचाळीस. ज्या संघाशी आमची तिसऱ्या जागेसाठी चुरस होती त्यांचे पाच, आठ, बारा, वीस. तेही पंचेचाळीस. बरोबरी झाली तर ज्याचा शेवटचा धरलेला धावपटू वर, तो संघ वर. त्यांचा विसावा, आमचा चोविसावा. ब्राँझ त्यांना गेलं. बाविसाव्या जागेवर नुसतं टिकून राहिला असता तर त्रेचाळीस भरत होते.

पिंट्या मला म्हणाला, "सर, बाविसावा काय आणि चोविसावा काय?" मला राग आला, मग माझा मलाच आला. कारण तोवर मीही सरावात सगळं लक्ष पहिल्या दोघांवर ठेवत होतो. चौथ्याला त्याच्या नंबराची किंमत मी कधी सांगितलीच नव्हती. परतताना एसटीत तिसरा आलेला पोरगा त्याच्याशी चकार शब्द बोलला नाही. सातारा स्टँडवर उतरल्यावर मात्र आपला अर्धा वडापाव त्याच्या हातात दिला.

तेव्हापासून गुरुवारचा सराव मी घड्याळाविना घेतो. चार-चारच्या टोळ्या, माळावर पाच फेऱ्या, क्रमांकांची बेरीज. हरलेली टोळी खुणेचे झेंडे गोळा करते आणि जिंकलेल्यांच्या बाटल्या धुते. महिन्याभरात चौथी पोरं वेगळीच पळायला लागतात. शर्यतीत मी नंबर मोठ्यानं सांगतो तो फक्त चौथ्याला आणि पाचव्याला. पहिल्याला माझी गरज नसते. आणि मागे वळून बघणारा पोरगा दिसला की पुढच्या आठवड्यात त्याच्या वाट्याला चढाच्या जास्तीच्या दोन फेऱ्या येतात. हे शास्त्र नाही, माझा स्वभाव आहे.

बूट, खिळे आणि नाडी

रस्त्यावरचे जाड फोमचे बूट घालून येऊ नका. चाळीस मिलिमीटरपर्यंतचे चालत असतील नियमात, पण आडव्या उतारावर घोटा असा लचकतो की नियम आठवत नाही. तो बूट सरळ डांबरासाठी केलाय.

स्पाइक म्हणजे खिळ्यांचे बूट घ्या, पण त्यातले खिळे बदलता येतात हे लक्षात असू द्या! सिंथेटिक ट्रॅकवरचे छोटे खिळे तसेच ठेवून ओल्या गवतावर उतरलेली पोरं पहिल्याच वळणावर बुडावर बसलेली मी पाहिली आहेत. माझ्या पिशवीत तीन लांबीचे खिळे, किल्ली, जुना टूथब्रश आणि चिकटपट्टी असते. कोरडी कडक जमीन असेल तर सहा मिलिमीटर, गवत असेल तर नऊ, चिखल असेल तर बारा किंवा त्याहून लांब. काळ्या मातीत पाऊस झाला असेल तर लांब खिळेही कामाचे नाहीत, बुटाखाली भाकरीएवढा गोळा जमतो. अशा वेळी तळाला आदल्या रात्री खोबरेल चोळायचं. थोडा वेळ का होईना, माती सुटते. खिळे बसवायच्या आधी भोकांतली जुनी माती टूथब्रशनं काढा, नाहीतर आटे अर्धेच बसतात आणि चौथ्या किलोमीटरला खिळा माळाला अर्पण.

नाडी ओली करून बांधा, दुहेरी गाठ मारा, टोकं आत खोचा, वरून चिकटपट्टी. यावर पोरं हसतात. मी तोंडानं नावं घेत नाही, पण अनवाणी पायानं रेघ ओलांडलेली तिघं अजून मला भेटतात.

बाकीच्या, एकेका दमात

कोर्स न चालता पळणं. आदल्या संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा चाला. सकाळी दवानं गवत वेगळं असतं.

उंचीला हलकं घेणं. कोहिमा साधारण चौदाशे मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरच्याही थोडं वर. चढाची सवय हवी म्हणून यवतेश्वरचा घाट चढणारी पोरं मला आवडतात, पण तो डांबरी घाट आहे. आठवड्यातून एकदा तरी कुसळं टोचतील अशा माळावर जा.

मास्तरांनी दोरीच्या कडेनं शिट्टी फुंकत पळणं. याला नियमात मदत म्हणतात, पोराला ताकीद मिळते आणि पुढे बादही होतो. पोरगं पडलं तर उचलायलाही धावू नका. 2023 मध्ये बाथर्स्टच्या जागतिक स्पर्धेत लेतेसेनबेट गिदे पुढे असताना रेघेच्या काही मीटर अलीकडे कोसळली. बीट्रिस चेबेट तिला मागे टाकून जिंकली. गिदेला दुसऱ्यानं उठायला मदत केली म्हणून तिचा क्रमांकही गेला. दोरीबाहेरून ओरडा हवं तेवढं, हात खिशात ठेवा.

सर्दीची गोळी मेडिकलवाल्याला विचारून घेणं. स्युडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या स्पर्धेच्या काळात उत्तेजक चाचणीत अंगाशी येतात. जिममधल्या दादानं दिलेल्या पावडरीबद्दल तर मी बोलतही नाही.

नव्या बुटात शर्यत. नव्या पदार्थाचा नाश्ता. छातीवरचा नंबर घडी करून लहान करणं. पाच मिनिटांची सूचना होताच ट्रॅकसूट काढून थंडीत कुडकुडत उभं राहणं. यातल्या प्रत्येकावर समजावून सांगायला माझ्याकडे आता शब्द उरलेले नाहीत.

वयाचा दाखला. जन्मतारखेत गडबड असेल तर आमच्याकडे येऊच नका.

'क्रॉस कंट्रीत काय ठेवलंय, ट्रॅकवर नाव होतं' असं म्हणणं. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर आधी 2015 मध्ये लष्कराच्या अंतर्गत क्रॉस कंट्रीतच पळत होता, स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, नंतर आली. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं 8 मिनिटं 11.20 सेकंदांचं रौप्य त्यानंतरचं.

आणि शेवटी पासपोर्ट. हसू नका. स्पर्धा दरवेळी भारतातच होईल असं नाही. नेपाळला मतदार ओळखपत्रावर जाता येतं, पण श्रीलंकेला नाही. आणि सतरा वर्षांच्या पोराकडे मतदार ओळखपत्र कुठून असणार? निवड झाल्यावर जन्मदाखल्यावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही म्हणून तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणारा बाप मी पाहिलाय. दहा किलोमीटर पळण्यापेक्षा ते काम त्याला जड गेलं. सराव उद्या सकाळी सुरू करणार असाल, तर अर्ज आज रात्रीच भरा.