भाड्याची थार घेताय? आधी लिव्हर बघा

ठाण्याहून माळशेजपलीकडच्या कच्च्या रस्त्यांवर जायला भाड्याने महिंद्राची थार घेणार असाल, तर नुसत्या रुबाबावर भाळू नका. थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. चिखलात रुतली की कळतं! गिअरशेजारी '२एच, ४एच, ४एल' (दोन चाकांना जोर, चारही चाकांना जोर, चारही चाकांना हळू पण जास्त जोर) लिहिलेला दुसरा लिव्हर आहे ना, बघा आणि मोकळ्या जागेत तो ४एचवर टाकून पाहा. आमच्या गाडीचा इतका जाम होता की दोन्ही हातांनी ओढावा लागला. चौघंच असाल तर मारुतीची जिम्नी बरी; भारतात ती फोर बाय फोरच, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारीच येते. सामान मात्र कमी न्या, डिकी नावालाच आहे. स्टेपनीची हवा, जॅक, पाना तपासा. कोरड्या डांबरावर ४एच नको.