घोस्टबस्टर्स गेममध्ये भूत पकडायचं कसं

नेमबाजीच्या गेममध्ये मुरलेला माणूस ‘घोस्टबस्टर्स: द व्हिडिओ गेम’ सुरू करतो आणि थोड्याच वेळात हमखास वैतागतो. नेम बरोबर, किरण थेट भुतावर, तरी भूत मरत नाही. मरेल कसं? ते आधीच मेलेलं असतं. इथे भुताला दमवायचं, ओढत आणायचं आणि सापळ्यात कोंबायचं. गोळीबारापेक्षा गळाला लागलेला मोठा मासा खेचण्याशी याचं जास्त जवळचं नातं आहे.

आधी आवृत्ती बघून घ्या

‘घोस्टबस्टर्स’ या भूत पकडणाऱ्यांच्या चित्रपटांवरचा हा मूळ गेम टर्मिनल रिअ‍ॅलिटी या स्टुडिओचा, २००९चा. त्याची रीमास्टर (नव्याने सुधारलेली) आवृत्ती २०१९ मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन, स्विच आणि विंडोजसाठी आली. रीमास्टरमध्ये मल्टिप्लेअर नाही, तेव्हा मित्रांसोबत ऑनलाइन खेळायच्या आशेने घेऊ नका. निन्टेंडो वी आणि प्लेस्टेशन २ वरचा गेम दुसऱ्या स्टुडिओने कार्टूनच्या ढंगात वेगळा बांधला होता. त्याला खालच्या सगळ्याच गोष्टी जशाच्या तशा लागू पडणार नाहीत.

कथा १९९१च्या न्यूयॉर्कमधली. तुम्ही भुतं पकडणाऱ्या घोस्टबस्टर्स कंपनीतले नवे भरती. तुम्हाला नाव नाही, कारण धोकादायक नवी यंत्रं तुमच्या पाठीवर तपासायची आहेत आणि अशा माणसात जीव गुंतवायला वरिष्ठ तयार नाहीत. मूळ चित्रपटातले डॅन अ‍ॅक्रॉइड आणि हॅरल्ड रेमिस यांनी संहितेवर काम केलंय आणि चित्रपटातल्या चारही मूळ नटांनी आवाज दिलेत, त्यामुळे टोमणे अस्सल आहेत. सबटायटल्स चालू ठेवा. धुमश्चक्रीत निम्मे विनोद ऐकूच येत नाहीत.

पायरी १: स्वतःच्या पाठीवर नजर ठेवा

स्क्रीनच्या कोपऱ्यात आयुष्याची पट्टी शोधत बसू नका. तुमची तब्येत आणि यंत्राची उष्णता, दोन्ही तुमच्या पाठीवरच्या प्रोटॉन पॅकवरच, म्हणजे किरण सोडणाऱ्या यंत्रावरच, दिसतात. कॅमेरा पाठीमागे असल्यामुळे ते सतत डोळ्यांसमोर असतं.

उष्णतेची गोष्ट पहिल्याच लेव्हलमध्ये अंगवळणी पाडा. किरण सलग सोडत राहिलात की पॅक तापतो आणि शेवटी स्वतःच बंद पडतो. तो थंड होईपर्यंत तुम्ही भुतांच्या मधोमध बिनकामाचे उभे. म्हणून पॅकवरची उष्णतेची पट्टी भरत आली की स्वतःच बटण दाबून वाफ सोडा. हे हाताने केलं की क्षणात होतं. सवय अशी लावा: भूत भिंतीआड गेलं, सोडा वाफ. जागा बदलताय, सोडा वाफ.

पायरी २: दमवा, आपटा, कोंबा

सेजविक हॉटेलातला हिरवा, खादाड स्लायमर हा सरावाला उत्तम. त्याच्यावर किरण धरा. भुताची ताकद पुरेशी उतरली की तुमचा किरण आपोआप पकडीच्या किरणात बदलतो आणि भूत त्याला लटकतं. आता ते जिवाच्या आकांताने ओढाताण करणार.

इथे नवखे लगेच सापळा फेकतात. थांबा. आधी भूत आपटा. आपटण्याचं बटण दाबून ज्या दिशेला कंट्रोलरची काठी ढकलाल, त्या दिशेला ते धाडकन आदळतं. जमिनीवर, भिंतीवर, मिळेल तिथे. दोनचार दणके बसले की त्याचा विरोध स्पष्ट कमी होतो. मग सापळा फेका, पण पायाशी नको, थोडा पुढे आणि मोकळ्या जागेत. सापळा उघडला की त्यातून प्रकाशाचा शंकू वर येतो. भुताला त्या शंकूत आणा आणि तिथेच धरून ठेवा. आत जाताना ते शेवटची उसळी मारतं. ते ज्या बाजूला पळेल त्याच्या उलट बाजूला काठी ओढत राहा. गडबडीत किरण सोडलात तर सगळं पहिल्यापासून.

टेबलं, झुंबरं, भिंती यांची पर्वा करू नका असं म्हणायचा मोह होतो, पण गेम नुकसानीचा हिशेब डॉलरमध्ये ठेवतो. मला स्वतःला तो आकडा वाढताना बघायलाच मजा येते.

पायरी ३: चष्मा लावा

पीकेई मीटर, म्हणजे भुतांचा माग काढणारं हातातलं यंत्र, काढला की डोळ्यांवर चष्मा येतो आणि त्याचे पंख फडफडू लागतात. लढाई सुरू असतानाही नव्या भुताला एकदा स्कॅन करून घ्या. त्याची माहिती नोंदवहीत जमा होते आणि ते कोणत्या शस्त्राला बिचकतं ते कळतं. शिवाय पैसे मिळतात. शापित वस्तूही याच मीटरने सापडतात, आणि सापडलेल्या वस्तू पुढे मुख्यालयात मांडलेल्या दिसतात.

पायरी ४: शस्त्रं ओळखा

पॅक चार प्रकारे वापरता येतो. नवे प्रकार कथेच्या ओघात मिळत जातात. नेहमीच्या किरणासोबतचा बोसॉन डार्ट जोरदार, पण पॅक भयंकर तापवतो. शॉक ब्लास्ट जवळून मारायला, घोळक्यासाठी. त्याच प्रकारातला स्टेसिस किरण चपळ शत्रूला गोठवतो. मेसॉन कोलायडर आधी शत्रूवर खूण चिकटवतो, मग पुढचे मारे आपोआप तिकडे वळतात. नेम कच्चा असेल तर हेच तुमचं शस्त्र.

उरलेला प्रकार स्लाइम ब्लोअर, म्हणजे चिकट चिखल फवारणारा. त्याला मात्र पाण्याची पिचकारी समजू नका. काळा चिखल धुवायला आणि झपाटलेल्या माणसातलं भूत बाहेर काढायला तोच लागतो. त्याचीच स्लाइम टेदर नावाची दोरी दोन गोष्टींना चिकटवली की त्या एकमेकींकडे खेचल्या जातात. एखाद्या खोलीत दारच उघडत नसेल आणि तुम्ही गोल गोल फिरत असाल, तर बहुतेक वेळा तोडगा या दोरीतच असतो.

पैसे आले की आधी सापळ्याच्या सुधारणा घ्या. पुढे अशी सुधारणा मिळते की भूत थेट सापळ्यात आपटता येतं, शंकूतली ओढाताण जवळपास संपते.

पायरी ५: पडलेल्याला उठवा

तुम्ही पडलात की लगेच खेळ संपत नाही. सहकारी येऊन उभं करतात. सगळेच आडवे झाले तरच संपलं. म्हणून कोणी पडला की हातातलं भूत सोडून आधी त्याच्याकडे धावा. सगळे एकाच कोपऱ्यात गोळा होऊ देऊ नका, कारण एकाच फटक्यात चौघे झोपतात. शेवटाकडची दफनभूमीची लेव्हल अवघड पातळीवर याच कारणाने छळते. तिथे लढाईपेक्षा उठवाउठवीच जास्त होते. दोनदा तीनदा हरलात तर बिनधास्त सोपी पातळी निवडा.

मोहिमांच्या मध्ये मुख्यालयात थोडं रेंगाळा. फोनवर आलेले निरोप ऐका. भिंतीशी दुसऱ्या चित्रपटातल्या खलनायकाचं, विगोचं, चित्र आहे, त्याच्यासमोर उभे राहून बटण दाबा. तो बोलतो. पुन्हा दाबलंत तर आणखी काहीतरी बोलतो, आणि दर वेळी तितक्याच गंभीर चेहऱ्याने.