नोकरीत दिव्यांगत्वावरून भेदभाव: तक्रार करताना या चुका टाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. कायद्याला धार आहे, पण त्याखाली येणाऱ्या तक्रारी बोथट असतात. बरीच प्रकरणं सुनावणीच्या कितीतरी आधी, एचआरच्या टेबलापाशीच हातची जातात. काय मागितलं होतं, कधी मागितलं होतं, याचा कागदच नसतो.

तोंडी मागणी

वाजवी सोय म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल. ती नाकारणं हाही या कायद्यात भेदभाव आहे. पण नाकारली हे दाखवायचं तर आधी मागितली हे दाखवावं लागतं. साहेब "बघतो" म्हणाले, तर त्याच दिवशी मेल टाका: "आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार..." कागदी अर्ज असेल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक विभाग अर्ज घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. शिपायाकडे देऊन आलेला अर्ज पुढे कुणालाच सापडत नाही.

"मला सहकार्य करावे ही विनंती"

सगळ्यात जास्त नडते ती ही ओळ. सहकार्य म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही तो ते नाकारतोही सहज. अडचण कुठल्या कामात येते, नेमकं काय हवं आणि कधीपर्यंत हवं, या तीन गोष्टी लिहा.

उदाहरण म्हणून स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणारा दृष्टिहीन लिपिक घ्या. "कॉम्प्युटर नीट चालत नाही" असं लिहिलं की आयटीवाला येऊन माउस बदलून जातो. खरी अडचण वेगळीच असते. पत्रं कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, त्यामुळे स्क्रीन रीडर अगम्य काहीतरी वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर निव्वळ चित्र असते. तेव्हा मागणी अशी लिहा: "माझ्या संगणकावर एनव्हीडीए टाकण्याची परवानगी द्यावी. मला येणारी पत्रं युनिकोडमध्ये टाइप केलेल्या वर्ड फाइलच्या रूपात मिळावीत. 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं." एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. "बजेट नाही" या उत्तराला मग जागाच राहत नाही.

रॅम्पचंही तसंच. "रॅम्प करा" म्हटलं की दोन दिवसांत सिमेंटची घसरगुंडी तयार होते. 1:12 उतार असं स्पष्ट लिहा. तीन पायऱ्यांची मिळून उंची 45 सेंटिमीटर असेल तर रॅम्प 5.4 मीटर लांब हवा. तेवढी जागा नसेल तर मध्ये वळण घ्यावं लागतं, किंवा तुमची बसायची जागा तळमजल्यावर आणणं सोपं पडतं. हा पर्याय अर्जातच सुचवून ठेवा.

आणखी एक: खर्च स्वतःच्या खिशातून करायला तयार होऊ नका. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार वाजवी सोयीचा खर्च, पूर्ण किंवा थोडाही, दिव्यांग व्यक्तीवर लादता येत नाही.

"40 टक्के नाहीत, म्हणजे हक्क नाही"

एचआर हे ठासून सांगतं आणि लोक गप्प बसतात. 40 टक्क्यांची अट सरकारी पदांमधल्या 4 टक्के आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांना ती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात हे स्पष्ट केलं. तिथे प्रश्न होता लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक द्यायचा की नाही, हा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्जाला जरूर जोडा, पण टक्का कमी म्हणून अर्जच करायचा नाही, असं करू नका.

चुकीचं कलम

सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. झेपेल अशा दुसऱ्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यावं लागतं आणि पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या, पदावर ठेवावं लागतं. हे कलम 20(4). पण हे कलम सरकारी आस्थापनांपुरतं आहे. खासगी कंपनीविरुद्ध एवढंच लिहिलं की वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतो. तिथे कलम 3 (भेदभावाला मनाई) आणि कलम 21 धरा. कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेचं समान संधी धोरण असलं पाहिजे, आणि 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर संपर्क अधिकारीही नेमलेला हवा. या धोरणाची प्रत लेखी मागा. ती नसणं हा तुमच्या तक्रारीतला स्वतंत्र मुद्दा होतो.

कलम 92 सुद्धा असंच सरसकट लावलं जातं. ते चारचौघांत जाणूनबुजून केलेल्या अपमानासारख्या अत्याचारांसाठी आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. अप्रेझल कमी दिलं म्हणून ते लावलं तर खरी तक्रार पातळ होते.

वैतागून राजीनामा

पंजाब राज्य विद्युत मंडळातल्या एका सहायक लाइनमनची नोकरीत असताना दृष्टी गेली. मला निवृत्त करा, पत्नीला नोकरी द्या, असं त्याने लिहून दिलं आणि मंडळाने त्याला निवृत्त करून टाकलं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळालाच झापलं: याला त्याचे हक्क सांगणं अधिकाऱ्यांचं काम होतं. तो जिंकला, पण त्याला कित्येक वर्षं लागली. म्हणून सही करण्याआधी थांबा. आणि दबाव वाढतोय असं दिसलं की तुम्हाला आलेले मेल, अप्रेझल, बदलीचे आदेश यांच्या प्रती लगेच काढून ठेवा. नोकरी सुटली की ऑफिसचा मेल त्याच संध्याकाळी बंद होतो. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र उचलू नका, उलटा आरोप अंगावर येतो.

चुकीचं दार

सरकारी कार्यालयात आधी कलम 23 खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत तपास व्हायला हवा. त्याने समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे. खासगी नोकरीत, 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर, आस्थापना प्रमुखाला लिहा. कारवाई करणं, किंवा केलेली गोष्ट का योग्य होती हे लेखी कळवणं, त्याला भाग आहे. त्यानंतर राज्य दिव्यांग आयुक्त: महाराष्ट्राचं कार्यालय पुण्यात आहे, गोव्याचे आयुक्त वेगळे. केंद्राच्या नियमांत तिथे निकालासाठी 60 दिवसांची मुदत आहे.

आयुक्त समन्स काढू शकतात, कागदपत्रं मागवू शकतात, पण शेवटी करतात ती शिफारस. बदलीला उद्याच्या उद्या स्थगिती हवी असेल तर तिथे अर्ज करून बसण्यात दिवस जातात. महाराष्ट्राच्या राज्य सरकारी कर्मचाऱ्याने त्यासाठी मॅटकडे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जावं, आणि रुजू होण्याची तारीख उलटण्याआधी.