बालसंसद भरवताय? मग या चुका टाळा

जूनमध्ये प्रवेशोत्सव आटोपला की वडोदऱ्यातल्या शाळांमध्ये बालसंसदेची, म्हणजे मुलांमधूनच निवडलेल्या मंत्रिमंडळाची, गडबड सुरू होते. मराठी शाळा असो की गुजराती, चित्र एकच. महामंत्री, सफाईमंत्री, पाणीमंत्री, प्रार्थनामंत्री. शर्टाला बिल्ले, बिल्ल्यांसकट फोटो, फोटो पालकांच्या ग्रुपवर. दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारा, खुद्द मंत्र्यांना आपलं खातं आठवत नाही. अठरा वर्षं मी पहिली ते पाचवीला शिकवलं, आता इतर शाळांत मदतीला जाते. त्याच त्या चुका पाहून जीव कळवळतो, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मुलांना विचारायचं आणि उत्तर द्यायचं नाही. ही मी स्वतः केली आहे.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, शाळेत काय बदलायला हवं? फळा भरला. झोपाळा हवा, रिसेस मोठी हवी, खिचडीतलं तिखट कमी करा, मुलींच्या बाथरूमची कडी बदला. मी सगळं वहीत उतरवलं आणि म्हटलं, ‘बघू हं.’ या ‘बघू’वर तीन महिने गेले. सप्टेंबरच्या बैठकीत मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा तिसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मागच्या वेळी लिहिलेली वही तुमच्याकडे आहे ना? मग परत कशाला विचारता?’ उद्धटपणा अजिबात नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

त्या दिवशी मी वही उघडली आणि तिलाच विचारलं, कडीचं काय गं? कडी होती मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. पहिली-दुसरीच्या मुलींचा हात तिथवर पोचायचाच नाही. मग एकीनं आत जायचं आणि दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. दार धरायला मैत्रीण मिळाली नाही तर जायचंच नाही. आणि जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही. भरलेल्या बाटल्या तशाच घरी परत जात होत्या, आणि मी वर्गात त्याच मुलींना ‘पाणी पीत जा’ म्हणून रागावत होते. पाण्याचे फायदे शिकवले होते मी त्यांना! आजही ते आठवलं की घशात आवंढा येतो.

शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. पुढच्या बैठकीत मी कडीचा विषय सगळ्यात आधी घेतला. एका आईनं चर्चा वाढूच दिली नाही. तिचे यजमान सुतारकाम करतात, ते दुसऱ्याच दिवशी आले. कडी किती उंचीवर लावायची ते मुलींनी ठरवलं: पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलीला दाराशी उभं केलं, तिनं हात लावला तिथं खडूनं रेघ मारली. ऐंशी रुपयांत काम झालं. त्यासाठी तीन महिने लागावेत?

तेव्हापासून माझ्या वहीत तीन रकाने असतात: मागणी, उत्तर, कारण. सोमवारी प्रार्थनेनंतर उत्तर वाचून दाखवायचं ते मागणी आणणाऱ्या मुलानं, मी नाही. नकार असेल तर तोही कारणासकट. झोपाळ्याला ‘नाही’ म्हणावं लागलं, कारण मागेपुढे मोकळी जागा लागते आणि आमचं पटांगण चिंचोळं. मुलांनी स्वतः पावलं मोजून खात्री केली आणि पुढच्या बैठकीत ठिकरीचे चौकोन रंगवून मागितले. नकाराला मुलं रुसत नाहीत. मौनाला रुसतात, आणि मग बोलणंच सोडतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं बारावं कलम पुष्कळांना अर्धंच माहीत असतं. मुलाला मत मांडायचा हक्क आहे, इथवर सगळे येतात. त्या मताला मुलाचं वय आणि समज पाहून वजन द्यायचं, हे त्याच कलमात पुढे आहे. भारतानं ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. माझा तिसरा रकाना त्या वजनासाठी आहे.

दुसरी चूक मला सहनच होत नाही: मंत्र्यांना शिपाई करून टाकणं. बाई ऑफिसात गेल्या की शिस्तमंत्री खडू घेऊन फळ्याशी. बोलणाऱ्यांची नावं लिहायची, दोनदा बोलला तर पुढे फुली. यानं वर्ग शांत राहतो हे खरं, आणि शिक्षकाला तेवढ्यापुरतं सोपंही जातं. पण ज्याच्या नावापुढे फुली पडली, तो आपली अडचण त्या मंत्र्याला सांगेल का? वर्षभरात आडदांड मुलं निवडून येऊ लागतात आणि बुजरी आणखी बुजतात. मुलांचं म्हणणं वर पोचवायला बालसंसद असते. वरचे हुकूम खाली न्यायला आपण मोठी माणसं आहोत की. मी शिस्तमंत्री हे पदच ठेवत नाही.

निवडणुकीत मोबाईलवरचं मतदान यंत्राचं ॲप वापरायची हौस असेल तर वापरा, पण त्यावर आठवडा घालवू नका.

नेहमीची हुशार चार मुलं नकोत. मी वर्गातून दोघं घेते, एक मतानं आणि एक चिठ्ठीनं, आणि सत्र बदललं की दोघंही बदलते.

सूचनापेटी पहिली-दुसरीच्या उपयोगाची नाही, त्यांना अजून लिहिता कुठे येतं? चौथीच्या मुलांना त्यांच्या शेजारी बसवा, चित्र काढू द्या, विचारू द्या. शनिवारच्या शेवटच्या तासाला बैठक ठेवू नका. खुर्च्या नकोत, सतरंजीवर गोल बसा, आणि शिक्षकानं सगळ्यांत शेवटी बोलावं. भाषेवरून अडवू नका. आमच्याकडे एकाच वाक्यात मराठी, गुजराती, हिंदी येतं, येऊ द्या.

दर जुलैत एक तरी फोन येतो: ‘बेन, फॉरमॅट मोकला ने, सोमवारी साहेब येणार आहेत.’ मी पाठवत नाही. एका शनिवारात उभी केलेली संसद साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडताच संपते, आणि मुलं त्यातून मोठ्यांचं खोटं तेवढं शिकतात. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. तेव्हापासून या शहरात मूल शाळेत आणायची धडपड चालली आहे. आणलेल्या मुलाचं ऐकून घ्यायला आपल्याला एक सत्र जड का व्हावं? पहिल्या सत्रात एकच मागणी घ्या आणि तडीस न्या.

बैठकीत मुलं गप्पच बसतात, ही तक्रार खूपदा येते. ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की मुलं एक तर झोपाळा म्हणतात, नाहीतर बाईंना आवडेल ते म्हणतात: झाडं लावू या, कचरा उचलू या. मी त्यांच्या हातात खडू देते आणि म्हणते, शाळेत जिथं जायला नको वाटतं तिथं फुली मारून या. आणि त्यांच्या मागे जात नाही. गेल्या वर्षी एका शाळेत पाच फुल्या सापडल्या. अंधारा जिना, पाय घसरतो तो नळ, कुत्रं बसतं ती कोपऱ्यातली भिंत, पाचवीच्या मुलांचा बाक, आणि शिक्षकांच्या खोलीचं दार. तिथल्या बाई ती शेवटची फुली पुसायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, राहू दे, बैठकीत पहिला विषय हाच घेऊ.