६.५×५४ मानलिखर-शोनाउअर: दुर्मिळ काडतूस स्वतः कसे भरावे

६.५×५४ मानलिखर-शोनाउअर हे मूळचे ऑस्ट्रियाचे काडतूस ग्रीक सैन्याने १९०३ च्या रायफलीसाठी स्वीकारले आणि पुढे शिकाऱ्यांनी ते उचलून धरले, शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी तर आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीसाठीही ते वापरले. आज मात्र तयार काडतुसे क्वचितच हाती लागतात, त्यामुळे अशी रायफल बाळगणाऱ्याला वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची रिकामी धातूची नळकांडी) पुन्हा भरण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही. आपण राहतो तेथील कायदा याला परवानगी देतो का आणि कोणता परवाना लागतो, हे सर्वांत आधी पाहावे. एखादे नेहमीचे काडतूस जाणकाराच्या हाताखाली भरलेले नसेल, तर पहिला धडा या काडतुसावर गिरवू नये.

पायरी १: रायफल मोजणे. सुरुवात दारूपासून नव्हे, रायफलीपासून करावी, कारण जुन्या रायफलींच्या नळ्या आणि चेंबर (काडतूस बसते ती जागा) एका मापाचे निघतीलच असे नाही. बंदुकांच्या जाणकार कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) आणि चेंबरमध्ये काडतूस जेथे टेकते ती जागा यांतील अंतर, तपासून घ्यावी. मग रायफल रिकामी असल्याची खात्री करून, तेल लावलेला मऊ शिशाचा गोळा नळीतून हळूहळू पार ढकलावा आणि त्याचा सर्वांत मोठा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. या वर्गातील आजच्या गोळ्या साधारण ६.७१ मिलिमीटर, म्हणजे ०.२६४ इंच व्यासाच्या असतात; नळी त्याहून अरुंद भरली तर दाब वाढतो आणि रुंद भरली तर अचूकता ढासळते. हे माप मिळेपर्यंत गोळ्या विकत घेऊ नयेत.

पायरी २: पुंगळ्या निवडणे. दुर्मिळ पुंगळी टाकून देणे जिवावर येते, आणि धोका नेमका तेथेच असतो. तारेचे टोक काटकोनात वाकवून, त्याला धार करून, ते पुंगळीत घालावे आणि तळाच्या किंचित वर आतल्या बाजूने वर-खाली फिरवावे. तार एखाद्या खाचेत अडकल्यासारखी वाटली, किंवा बाहेरून त्याच जागी चकचकीत कडे दिसले, तर ती पुंगळी तेथून तुटण्याच्या मार्गावर आहे. ती सरळ भंगारात काढावी. तोंडाशी तडा गेलेल्या पुंगळ्याही बाद कराव्यात. आत प्रकाश टाकून तळही पाहावा: मध्यभागी एकच छिद्र असेल तर प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बॉक्सर पद्धतीचा, दोन बारीक छिद्रे असतील तर बर्डन पद्धतीचा. बर्डन पुंगळीवर नेहमीच्या डायची (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्याची) जुना प्रायमर काढणारी सुई मोडते.

पायरी ३: आकार देणे आणि छाटणे. पुंगळीला वंगणाचा पातळ हात द्यावा, कारण जास्त झाले तर खांद्यावर (गोळी धरणाऱ्या अरुंद मानेखालच्या उतारावर) पोचे पडतात आणि कमी झाले तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते. खांदा चेंबरच्या मापापेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटरच मागे जाईल अशा बेताने डाय लावावी. दरवेळी तो फार मागे ढकलला की वर सांगितलेली खाच लवकर पडते. नंतर लांबी मोजावी आणि काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमधील कमाल मर्यादेपेक्षा जास्त भरल्यास छाटावी. लांब मान चेंबरच्या टोकाशी दाबली जाऊन गोळीला घट्ट धरून ठेवते, आणि दाब धोकादायक चढतो.

पायरी ४: प्रायमर. तो पुंगळीच्या तळाशी समपातळीत किंवा किंचित आत बसावा, बोटाला उंच लागू नये.

पायरी ५: दारू. प्रमाण केवळ दारू किंवा गोळी बनवणाऱ्यांच्या छापील मॅन्युअलमधून घ्यावे, शक्य तेथे दोन मॅन्युअल ताडून पाहावीत आणि सर्वांत कमी दिलेल्या प्रमाणापासून सुरुवात करावी; त्याहूनही खाली जाऊ नये, कारण सावकाश जळणारी दारू फार कमी भरल्यानेही दाब अनपेक्षित उसळू शकतो. या काडतुसाची माहिती तुटपुंजी असल्याने दुसऱ्या काडतुसावरून अंदाज बांधण्याचा मोह होतो, तो आवरावा. तराजू ग्रेनवर आहे की ग्रॅमवर, हे दरवेळी पाहावे (एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन). टेबलावर दारूचा एकच डबा ठेवावा, आणि गोळी बसवण्यापूर्वी सर्व पुंगळ्यांवर उजेड टाकून दारूची पातळी सारखी आहे ना, ते पाहावे.

पायरी ६: गोळी बसवणे. खरी कसोटी येथे आहे. या रायफलीचे मॅगझिन फिरत्या चकतीचे असून ते १६० ग्रेनच्या, गोलाकार नाकाच्या लांब गोळीभोवती आखलेले आहे. हलकी, टोकदार गोळी लावली की काडतूस आखूड होते आणि वर येताना अडखळू शकते. शिवाय गोळीला नळीतील पीळदार खाचांपर्यंत बरेच अंतर मोकळे उडावे लागते. म्हणून आधी प्रायमर व दारू नसलेली पाच नकली काडतुसे बनवावीत, मॅगझिनमध्ये भरावीत आणि बोल्ट सावकाश व जलद अशा दोन्ही प्रकारे चालवून पाहावा. सर्व सुरळीत आली की तीच लांबी वहीत नोंदवावी, मात्र ती मॅन्युअलच्या मर्यादेत असावी.

पायरी ७: चाचणी. प्रत्येक प्रमाणाची मोजकीच काडतुसे भरून वेगमापक यंत्रासमोर झाडावीत. बोल्ट जड उघडणे, प्रायमर सपाट होणे, पुंगळीच्या तळाशी चकचकीत ठसा उमटणे यांपैकी काही दिसले तर तेथेच थांबावे. ही चिन्हे उमटतात तेव्हा मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. भरलेल्या डब्यावर रायफल, गोळी, दारू, प्रमाण आणि तारीख लिहावी. ज्या काडतुसातील दारूबद्दल शंका येईल, ते हातोडी-पुलरने (आपटून गोळी बाहेर काढणाऱ्या साधनाने) उघडावे आणि त्यातील दारू पुन्हा डब्यात ओतू नये.