मूल ‘मी देव मानत नाही’ म्हणाले, तर घराने काय करावे

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई ही कुळाची देवी बसते आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्या घरी गहू मोजले जातात, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. काही वर्षांपूर्वी माझी आई सुपात असे गहू मोजत असताना माझा पंधरा वर्षांचा मुलगा तिच्याजवळ येऊन बसला आणि शांतपणे म्हणाला, “मोठी माय, मन्हा नावना गहू नको मोजू. माले देव पटत नही.” आईची मूठ सुपावर तशीच थांबली. “कानबाई कोपी जाई, पोऱ्या,” एवढेच ती म्हणाली. ओसरीवर बसलेल्या माझा मात्र पारा चढला आणि भाऊबंदांच्या देखत मी त्याला नको ते बोललो. त्यानंतर तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतेच बोलत होता. पुढे लिहिलेले बरेचसे त्या चुकीतून आले आहे, आणि काही हायस्कुलात शिकवत असताना इतरांच्या घरांत जे पाहिले त्यातून.

पहिल्या दिवशी पालकांनी करायचे काम फार थोडे आहे: ऐकून घ्यावे आणि निकाल देऊ नये. “हे तुला कोणी शिकवले”, “आजपासून मोबाईल बंद” आणि “लोक काय म्हणतील” ही तीन वाक्ये आपल्या तोंडी आपोआप येतात. तिन्ही गिळावीत, कारण तिन्हींचा अर्थ मुलाला एकच लागतो, तो म्हणजे हा विचार त्याचा स्वतःचा असू शकतो हेच आपल्याला मान्य नाही. त्याऐवजी “हे किती दिवसांपासून मनात आहे?” एवढे विचारावे. हा प्रश्न चारचौघांत, जेवणाच्या ताटावर विचारू नये. या वयाची मुले समोरासमोर बसवली की आखडतात आणि शेजारी चालत असली की बोलतात. आमच्याकडे शेतीची लाईट पुष्कळदा रात्री असते. मोटार चालू करायला मुलाला सोबत नेले आणि कपाशीच्या बांधावर पाणी पोहोचण्याची वाट पाहत दोघे बसलो, तेव्हा तीन आठवड्यांत न झालेले बोलणे तासाभरात झाले.

त्या बोलण्यातून एक गोष्ट मात्र नक्की शोधून काढावी लागते, आणि बहुतेक पालक तीच सोडून देतात: ‘देव नाही’ या वाक्यामागे नेमका कोणता प्रश्न आहे? काही मुलांचा प्रश्न खरोखरच ज्ञानाचा असतो. नववी-दहावीत उत्क्रांती आणि विश्वाची उत्पत्ती वाचल्यावर पोथीतली सृष्टीची कथा त्यांना जुळत नाही. काहींचा प्रश्न दुःखाचा असतो. घरातल्या एखाद्या आजारी माणसासाठी नवस बोलले, उपास केले, तरी माणूस गेले, आणि मोठ्यांनी “देवाची इच्छा” म्हणून विषय मिटवला, तर तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात तो मिटत नाही. काहींनी बुवाबाजी जवळून पाहिलेली असते. आणि काहींचा, विशेषतः मुलींचा, प्रश्न अन्यायाचा असतो. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी स्वतःला ठामपणे नास्तिक म्हणवू लागली, तेव्हा तिच्या वडिलांनी देवाच्या अस्तित्वाचे पुरावे देणारी दोन पुस्तके आणून तिच्या हाती ठेवली. तिने ती उघडलीही नाहीत. ऐन कानबाईच्या दिवशी पाळी आली म्हणून तिला मागच्या खोलीत बसवले होते आणि गाणी म्हणणाऱ्या बायांचे आवाज ती भिंतीआडून ऐकत होती, हे तिने पुढे कधीतरी सांगितले. त्या घरात पुरावा द्यायचाच असेल, तर तो देवाचा देऊन चालणार नव्हते; विटाळ पाळणे थांबवायला हवे होते. प्रश्न अन्यायाचा असेल तर त्याला न्यायाने उत्तर द्यावे, आणि तसे केल्यावर मूल पुन्हा श्रद्धाळू होईल अशी अपेक्षा त्याला चिकटवू नये.

शब्दांबद्दलही घरात एकदा स्पष्टता आणलेली बरी, कारण आपल्याकडे ‘नास्तिक’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. जुन्या दर्शनशास्त्रात वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, असा त्याचा अर्थ होता. त्या हिशेबाने चार्वाकांबरोबर जैन आणि बौद्ध दर्शनेही नास्तिक ठरतात, आणि जगाचा कर्ता म्हणून ईश्वराची गरज न मानणारे सांख्य दर्शन मात्र आस्तिकांत मोजले जाते. आज मुले तो शब्द ‘ईश्वर नाही असे मानणारा’ या अर्थाने वापरतात. ज्याला ‘आहे की नाही हे कळू शकत नाही’ असे वाटते तो अज्ञेयवादी, आणि ज्याला देव पटतो पण कर्मकांड पटत नाही तो या दोघांहून वेगळा. आपले मूल यांपैकी कोण, हे त्यालाच ठरवू द्यावे. पुष्कळदा त्याचेही ठरलेले नसते आणि नास्तिक हा हाताशी असलेला सर्वांत जवळचा शब्द असतो.

यानंतर येतो कुळाचाराचा प्रश्न, आणि खरी कसोटी इथेच लागते. रोट फक्त भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. म्हणून “माझ्या नावाचे गहू मोजू नका” हे वाक्य मुलाच्या दृष्टीने श्रद्धेबद्दलचे असले, तरी आजीला ते “मी तुमच्यातला नाही” असे ऐकू येते. वाद देवावर चाललेला दिसतो, पण घराला दुखते ते दुसरीकडेच. म्हणून श्रद्धा, विधी आणि नाते या तीन गोष्टी सुट्या करून बोलाव्यात. श्रद्धेवर सक्ती करता येत नाही, त्यामुळे तो विषय सोडून द्यावा. नात्यावर अट घालू नये, आणि तसे मुलाला शब्दांत सांगावे. ते गृहीत आहे असे आपल्याला वाटते, मुलाला वाटत नाही. वाटाघाट करायची ती फक्त विधींबद्दल.

ती वाटाघाट आम्ही अशी केली. घर झाडणे, मंडप बांधणे, दळण आणणे, आजीला सप्तशृंगीच्या गडावर नेऊन आणणे ही हातापायांची कामे आहेत. त्यांना श्रद्धा लागत नाही, त्यामुळे त्यांतून सुटका नाही. आरतीला हात जोडणे, उपास धरणे, त्याच्या नावाने नवस बोलणे ही श्रद्धा सांगणारी कृत्ये आहेत. ती त्याच्यावर लादायची नाहीत, आणि त्याच्या पाठीमागे त्याच्या नावाने नवसही बोलायचा नाही. या दोहोंच्या मधले, म्हणजे सणाच्या दिवशी घरात हजर राहणे, प्रसाद घेणे, आलेल्या पाहुण्यांच्या पाया पडणे, यांवर एकेक करून बोलावे लागले. प्रसाद खाण्याची वस्तू म्हणून घेण्यास त्याची हरकत नव्हती. मोठ्यांच्या पाया पडणे तो माणसांसाठी करतो, असे त्याने सांगितले. त्याच्याकडूनही दोन गोष्टी मागितल्या: चालू आरतीत वाद काढायचा नाही आणि मोठ्या मायच्या उपासाची चेष्टा करायची नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हे व्यवहार्य बोलणे पटते. “संस्कार” या शब्दाने सुरू होणारे भाषण मात्र त्याला दुसऱ्या वाक्यापासून ऐकूच येत नाही.

आजी-आजोबांना हे सारे समजावण्याची जबाबदारी आईवडिलांची आहे, मुलाची नाही. त्यांच्यापुढे तत्त्वज्ञान मांडण्यापेक्षा त्यांनी पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांची उदाहरणे द्यावीत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी पूर्ण सश्रद्ध होते. तरीही पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे 1947 मध्ये ते उपोषणाला बसले. प्रश्न विचारणारा माणूस वाईट चालीचा असतो, ही समजूत या एका आठवणीने बरीच ढिली होते. माझ्या वडिलांना तर आणखी एक गोष्ट पटली. ज्या अमळनेरात वैशाखात संत सखाराम महाराजांचा रथ निघतो, त्याच गावात 1916 साली गिरणीमालक प्रतापशेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था उभारली. ईश्वर आहे की नाही याचा विचार करणे हे आपल्या मुलखात शंभर वर्षांपूर्वीही अभ्यासाचे काम मानले जात होते, उनाडकीचे नाही.

मुलाशी वाद घालावा का? घालावा, पण जिंकण्यासाठी नाही. आपण का मानतो हे प्रामाणिकपणे सांगावे: कोणाला संकटात आधार वाटतो म्हणून, कोणाला आईच्या तोंडून ऐकलेल्या ओव्यांमुळे, कोणाला कधी प्रश्नच पडला नाही म्हणून. “विज्ञानही शेवटी देवच मानते” यासारखी ऐकीव विधाने करू नयेत. हातातल्या फोनवर मूल ते दोन मिनिटांत तपासते आणि आपला पुढचा शब्द हलका होतो. त्याच्याही विधानांची अशीच तपासणी मागावी. “सगळे धर्म म्हणजे लबाडी” असे ते म्हणाले, तर “सगळे म्हणजे कोणते, आणि हे तुला कसे कळले?” असे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पुराव्याशिवाय मानायचे नाही हा नियम त्याने स्वतःच पत्करलेला आहे. तो त्याला सर्व बाजूंनी लागू करायला शिकवणे हे पालकांचे चांगले काम ठरेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. मुलाला ‘बाहेरचे काही लागले’ असे समजून भगताकडे किंवा बुवाकडे नेऊ नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, दोरखंडाने किंवा साखळीने बांधून ठेवणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्यानंतर झाला, हेही घरात सांगण्यासारखे आहे. मुलात खरोखर काही बिघडले आहे का, हे देवाविषयीच्या त्याच्या मतावरून कळत नाही. झोप, भूक, मित्र आणि अभ्यास यांवरून कळते. तो आठवडेच्या आठवडे कोणाशी बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर तो मुद्दा श्रद्धेचा राहत नाही. अशा वेळी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेच्या, मोफत क्रमांकावर बोलावे.

कायदा आणि कागद यांविषयी पालकांना अवाजवी भीती असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे, आणि अनुच्छेद 28 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत त्याच्या संमतीशिवाय भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर ही संमती पालकाची लागते. म्हणजे शाळेतल्या पूजेला हात न जोडल्याबद्दल मुलाला उभे केले, तर बोलायला आपल्यालाच जावे लागेल. कोणत्याही अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती शासन करू शकत नाही आणि ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगता येते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला आहे. तरीही दहावी-बारावीच्या धामधुमीत दाखल्यांवरच्या नोंदी बदलत बसू नये, असे माझे मत आहे. विचार आणि कागद यांना एकाच दिवशी बदलावे लागत नाही.

कागदांपेक्षा काळजी घ्यायची ती फोनची. घरात “मी मानत नाही” म्हणणे वेगळे आणि गावाच्या ग्रुपवर कोणाच्या दैवताची टिंगल करणारे चित्र टाकणे वेगळे, हे मुलाला स्पष्ट सांगावे. धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने दुखावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हा आहे, आणि कायद्यापर्यंत गोष्ट जाण्याआधी आपल्याकडे पोरे दारात जमतात. विशेषतः दुसऱ्या धर्माच्या दैवतांबद्दल ‘मी तर नास्तिक आहे’ म्हणून लिहिलेले कोणी नास्तिकाचे म्हणून वाचत नाही. आडनाव पाहून वाचते.

एकटेपणाचाही विचार करावा. 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक नोंदवणारे साऱ्या देशात सुमारे 33 हजारच होते, आणि त्यांतले नऊ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातले. आकडा लहान आहे, त्यामुळे तालुक्याच्या गावात अशा मुलाला आपल्यासारखे दुसरे कोणी नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. विज्ञानाचे एखादे मनमोकळे शिक्षक, वाचनालय, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा कोणाशी त्याची ओळख असू द्यावी. फोनवरच्या अनोळखी टोळक्यापेक्षा समोर बसून चहा पिणारा माणूस केव्हाही बरा. (लग्नाचे कसे होईल, हा प्रश्न आमच्याकडे एका मावशीने पंधराव्या वर्षीच काढला होता. त्याला उत्तर देण्याची गरज नाही.)

पुढच्या श्रावणात आईने गहू मोजायला घेतले, तेव्हा सूप धरायला माझा मुलगाच बसला होता. तिने त्याच्या नावाची मूठ घेतली की नाही, हे मी मुद्दाम पाहिले नाही आणि दोघांपैकी कोणालाही विचारले नाही. त्याचे मत आजही तेच आहे. काही मुलांचे पुढे बदलते, नोकरीला लागल्यावर किंवा स्वतःला मूल झाल्यावर ती आरतीला येऊन उभी राहतात. अशा वेळी “आलास ना वळणावर” हे वाक्य ओठांवर येईल, ते तिथेच ठेवावे, ताट त्याच्या हाती द्यावे आणि टाळ्या वाजवायला लागावे.