सेंटिनेल-२ : जानेवारी २०२२ नंतर एनडीव्हीआय अचानक घसरतो? (माझा अनुभव)

सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहांच्या चित्रांवरून रावेर पट्ट्यातल्या केळीबागांचा एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक) काढत होतो. २५ जानेवारी २०२२ पासून हिरव्यागार बागेतही ०.८२ च्या जागी ०.५६ यायला लागलं. ढगाळ भाग वगळणारा मास्क बदलला, शेताच्या हद्दी आत घेतल्या, फरक शून्य. पार वैतागलो.

कारण असं, की त्या दिवसापासून ०४.०० ही प्रोसेसिंग बेसलाइन (चित्रं तयार करण्याच्या प्रक्रियेची आवृत्ती) लागू झाली आणि प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले येऊ लागले. लाल पट्ट्यात ४०० चे १४००, निअर इन्फ्रारेडमध्ये ४००० चे ५०००, एनडीव्हीआय या दोन पट्ट्यांवरूनच निघतो, त्यामुळे गुणोत्तर बिघडणारच.

आधी एल२ए (वातावरणाचा परिणाम काढून टाकलेल्या चित्राच्या) फोल्डरमधली मेटाडेटाची एक्सएमएल फाइल उघडा. त्यात ‘बीओए_ॲड_ऑफसेट’ शोधा. तिथे -१००० असेल तर बी४ (लाल) आणि बी८ (निअर इन्फ्रारेड) मधून १००० वजा करा, पण शून्य असलेले पिक्सेल सोडून, कारण तिथे डेटाच नसतो. मग १०००० ने भागा आणि त्यानंतरच एनडीव्हीआय काढा.

तारखेवर मात्र विसंबू नका. जुनी दृश्यंही पुन्हा प्रोसेस झाली आहेत, त्यांतही हा ऑफसेट (मिळवलेले १०००) असतो. फाइलच्या नावातला ‘एन’ पुढचा आकडा बघा, एन०४०० किंवा त्यापुढचा (उदा. एन०५००) असेल तर ऑफसेट आहे. गूगल अर्थ इंजिनवर (उपग्रह चित्रांच्या ऑनलाइन सेवेवर) ‘हार्मनाइज्ड’ संग्रह घेतलात तर ही वजाबाकी आधीच झालेली असते, परत करू नका.